साडभाऊंचं लाल कढण

माझ्या साडभाऊंएवढा लाल माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. वर्णानं ते चांगले काळेभोर होते. वाडीत वाफ्याशी उकिडवे बसले की माती कुठं संपते आणि साडभाऊ कुठं सुरू होतात हे चटकन कळत नसे. पण त्या काळ्यावर जिथं म्हणून लाली चढू शकते तिथं ती चढलेली असायची. ओठ लाल, जीभ लाल, दहाही नखं लाल, धोतराचा सोगा लाल, आणि पिकू लागलेल्या मिशा तर अशा गुलाबी की नवखा माणूस त्यांना नाटकमंडळीतला समजायचा. होळीच्या दिवशी अमरावतीची पोरंसुद्धा त्यांच्यावर रंग वाया घालवीत नसत. बाजारात कुणी सहज विचारलं, "काय मामा, पान रंगलं का?" तर त्यांचा पारा चढे. "पान? मी सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई बाप्पा. हे चुकंदर हाय, चुकंदर!" असं म्हणून ते पुरावा म्हणून जीभ बाहेर काढून दाखवीत. समोरचा माणूस दोन पावलं मागे सरे, आणि साडभाऊंना वाटे, पटलं.

चुकंदर म्हणजे हल्ली तुम्ही ज्याला बीट म्हणता ते. त्या वेळी वऱ्हाडात ते साहेबांच्या बंगल्याबाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी खाल्लं नसतं. साडभाऊ नुसते खात नव्हते. ते त्याचं कढण करून पीत, आणि दुसऱ्यांनाही पाजायला बघत. आमचं नातं साडूचं, म्हणजे त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. एका सासऱ्यानं पारख करून आणलेले आम्ही दोन जावई. त्यातला एक असा लाल निघाला आणि दुसरा मी, अकोल्याच्या एका दलालाकडे कापसाची प्रत बघणारा, केसांपासून भुवयांपर्यंत सरकीच्या तुसानं पांढरा झालेला. आम्ही दोघं एका पंगतीला बसलो की सासरची मंडळी आधी पोटभर हसून घेत आणि मग वाढायला घेत.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस अडला होता, आणि त्यामुळे आमच्याकडे माणसं वेडी झाली होती. संबंध कुठं लागत होता ते कुणाला समजत नव्हतं, पण वेड मात्र सगळ्यांना समजलं होतं. ज्वारी मोडून कपाशी, तूर मोडून कपाशी, गोठ्याच्या मागे कपाशी, आणि एका पाटलानं तर दारातली तुळस तेवढी ठेवून तिच्या चारी बाजूंनी कपाशी लावली होती. अकोल्यात गाड्यांची अशी रीघ लागे की एका टोकाचा गाडीवान झोपला तर त्याचे बैल पुढच्या गाडीतली सरकी खात. बैलांच्या शिंगांना पितळेच्या जागी चांदीच्या शेंब्या आल्या. सगळं आलं, फक्त भाजी गेली. शेजारणी एकमेकींकडे वांगं उसनं मागू लागल्या. आणि अशा त्या दिवसांत आमचे साडभाऊ अंबा नाल्याच्या काठच्या आपल्या ओलिताच्या वाडीत शांतपणे अद्रक आणि चुकंदर लावून राहिले होते.

त्यांचे थोरले भाऊ पंचक्रोशीत वजन असलेले गृहस्थ. त्यांना या गोष्टीची भारी लाज वाटे. दर पेरणीला ते वाडीच्या बांधावर येऊन उभे राहत आणि म्हणत, "अरे, साऱ्या गावानं सोनं पेरलं. त्या तुकड्यात कपाशी टाक ना!" साडभाऊ वाफ्यातून मान वर न करता विचारत, "दादा, कपाशीचं कढण होते का?"   दादा पुढच्या पेरणीला पुन्हा येत आणि पुन्हा तेच ऐकून जात.

हे कढण ते शिकले कुठं, तर छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर. तिथं ते भाजी पोचवायला जात. साहेबाची मड्डम तापानं वाळून काडी झाली होती. ती एक लाल आणि एक पांढरं असं कसलंसं सूप पिऊन महिन्या-दीड महिन्यात घोड्यावर बसू लागली. साडभाऊंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी बंगल्याच्या खानसाम्याला गाठलं, त्याच्या बबर्चीखान्याच्या दारात बैठक मारली, आणि चुकंदर उकडणं, सोलणं, पिळणं इथपर्यंत सगळं नीट पाहून घेतलं. एवढ्यात आतून साहेबाची हाक आली, खानसाम्यानं यांना हाकललं, आणि उरलेली अर्धी कृती कायमची दाराआड राहिली. दुसरा माणूस असता तर पुन्हा जाऊन विचारून आला असता. साडभाऊंना ते पटलं नाही. अर्धं साहेबाचं झालं, आता अर्धं आपलं, असं म्हणून त्यांनी बियाण्याची पुडी तेवढी मागून घेतली आणि पुढचं सगळं स्वतःच्या डोक्यानं लावलं. म्हणजे उकडलेलं चुकंदर पाट्यावर वाटायचं, धोतराच्या धडप्यातून गाळायचं, ज्वारीचं पीठ लावून शिजवायचं, गुळाचा खडा टाकायचा आणि वरून जिऱ्याची फोडणी द्यायची. हे लाल कढण. पांढरं म्हणजे तांदळाची पातळ पेज, त्यात ताक आणि ठेचलेल्या अद्रकाचा रस. साहेबानं ते चाखलं असतं तर त्यानं ओळख दाखवली नसती, पण खरं सांगतो, थंडीच्या सकाळी दोन्ही फार छान लागत.

आता घरची चूल म्हणजे बायकांचं राज्य. तिथं मिशीवाल्या माणसानं फुंकणी घेऊन बसणं कुणाला खपणार? म्हणून साडभाऊंनी वाडीतच, विहिरीवर मोटेचे बैल ज्या उतारावर मागे-पुढे करत त्या धावेच्या कडेला, तीन दगडांची चूल मांडली होती. मोट हाकता हाकता ते कढण ढवळत. बैल मागे सरले की एक वळसा, पुढे गेले की एक वळसा, त्यामुळे कढण लागलं तर दोष बैलांचा. मोठी पंचाईत होती ती पांढऱ्या कढणाची, कारण साडभाऊंना अद्रक सोसत नसे. एक थेंब जिभेवर पडला की त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागत, नाक लाल होई आणि तासभर ते उचक्या देत. अद्रक लावणारा, ठेचणारा, शिजवणारा माणूस, पण चाखता येत नाही! मग ते वाडीवरून जाणाऱ्या रस्त्यावर येऊन चाखणारा शोधत. कापसाची गाडी थांबवून गाडीवानाला खाली उतरवत, त्याच्या हातावर पळीभर कढण ओतत आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभे राहत. गाडीवानानं भुवई उचलली तर अद्रक जास्त, नाही उचलली तर कमी. एकदा मोजणीवाला शिपाई आला होता, कुणी कुठं काय पेरलं ते बघायला. साडभाऊंनी त्याला लाल कढणाची वाटी पुढे केली. त्या बिचाऱ्यानं वाटी पाहिली, साडभाऊंची लाल जीभ पाहिली, आणि तो जो गेला तो ती वाडी मोजायला पुन्हा फिरकलाच नाही.

त्यांचं एक शास्त्र होतं. माणूस ज्या रंगाचं खाईल त्या रंगाचं त्याला आतून मिळतं. पांढरं खाल्लं की डोकं थंड, पिवळं खाल्लं की कांती, हिरवं खाल्लं की डोळे, आणि लाल खाल्लं की रक्त. मी एकदा त्यांना कोंडीत पकडायला विचारलं, "साडभाऊ, बैल जन्मभर हिरवं खाते. थो हिरवा काहून नाई होत?" मला वाटलं, आता अडकले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "तुमी कापसातले मानसं. बैलाचं ताजं शेण पाह्यलं का कधी? काय रंगाचं रायते?"  माझी बायको त्यावर चार दिवस हसत होती.

हे सगळं ऐकून वाटेल की माणूस नुसता छांदिष्ट होता. छंद होताच. पण रक्ताचा हा ध्यास त्यांना उगाच लागला नव्हता. त्यांची बायको, जिला माझी बायको अक्का म्हणे आणि म्हणून मीही अक्काच म्हणे, तिची दोन बाळंतपणं हातची गेली होती. दुसऱ्या वेळी तर तीच जायची वाचली. तेव्हापासून तिच्या अंगात रक्त धरेना. तळहात पांढरेफटक, ओठ कोरडे, चार पावलं चालली की भिंतीला हात. अमरावतीचे वैद्य झाले, एक हकीम झाला, अंबादेवीची ओटी झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, अंगात रक्त नाही. साडभाऊंनी ते ऐकलं आणि त्यांना घोड्यावर बसलेली मड्डम आठवली. त्यांची वाडी, त्यांची चूल, त्यांचं शास्त्र, सगळं त्या एका आठवणीवर उभं होतं. बाकीच्यांना कापसानं श्रीमंत व्हायचं होतं. यांना बायको जगवायची होती.

आणि अक्का ते कढण तोंडाला लावीना.

पांढरं ती आवडीनं पिई. अद्रकाचा ठसका लागला की तिला बरं वाटे. लाल वाटी पुढे आली की मात्र मान फिरवी. "मले माळ हाय. हे रगतावानी दिसते. मी नाई तोंडाले लावणार," म्हणे. गळ्यात तुळशीची माळ होती हे खरंच, आणि आमच्या माळकरी घरांतून लाल दिसणाऱ्या जिनसांची अशी किळस कुणाकुणाला असतेच. पण खरं कारण तिनं फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. तिनं त्या दोन खेपांना इतकं रक्त पाहिलं होतं की आता वाटीत तो रंग दिसला की तिला ती बाळंतिणीची खोली दिसे. साडभाऊंना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटे, अडचण रंगाचीच आहे, तर रंग काढू. त्यांनी हळद घातली, कढण विटकरी झालं. ताक घातलं, गुलाबी झालं. पालक वाटून घातला, आणि जो रंग आला त्याला आमच्या भाषेत नाव नाही. ते कढण बैलानंही हुंगून सोडलं. तीनदा फडक्यातून गाळलं तर फडकं लाल झालं, हात लाल झाले, मिशा लाल झाल्या, आणि कढण होतं तसंच लाल राहिलं.

त्या वर्षी दिवाळीला मी आणि माझी बायको अमरावतीला त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा साडभाऊंना उपाय सापडला. मी ओसरीवर बसलो होतो, अक्का खांबाला टेकून वाती वळत होती, आणि हे वाटी घेऊन आले ते न्यायाधीशासारखा चेहरा करून. "तू माही अर्धांगी हाय का नाई?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, "हाय. सारं गाव सांगन." "लग्नात बामनानं काय सांगतलं? नवऱ्याच्या पुण्यातलं अर्धं बायकोले. पुण्य वाटल्या जाते तं कढण काहून नाई वाटल्या जाणार?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय साडभाऊ, खोटं हाय का?" मी मान हलवली, पण कोणत्या दिशेनं ते मलाच ठाऊक नाही. "मंग आजपासून मी तुह्या नावानं पेतो. अर्धं तुले लागन." एवढं बोलून त्यांनी वाटी तोंडाला लावली.

मला हसू आवरेना. मी अक्काकडे पाहिलं, तर ती मात्र अगदी गंभीर. तिनं वात खाली ठेवली आणि म्हणाली, "अजी, एवढ्याशा वाटीतलं अर्धं मले काय पुरन? प्याचंच हाय तं मोठं वाडगं घ्या." साडभाऊंचा चेहरा असा उजळला की मी माझं हसू गिळून टाकलं.

त्या हिवाळ्यात चुकंदराचं पीक भरघोस आलं. साडभाऊ सकाळी एक वाडगं पीत आणि तिन्हीसांजेला एक. पिऊन झालं की अक्काजवळ जाऊन तिचा तळहात उलटा-सुलटा करून बघत. अक्का म्हणे, "आज जरा गरम वाटून राह्यलं." कधी म्हणे, "काल विहिरीपर्यंत चालली मी." कधी त्यांनी वाडग्यात तळाशी थोडं ठेवलं तर तिला बरोब्बर कळे. "माह्या वाट्याचं काहून ठेवलं?" की हे मुकाट्यानं तेवढंही पिऊन टाकत. साडभाऊंचे गाल वर आले. आवाज खणखणीत झाला. दंड भरले. अमरावतीहून अकोल्याला येणारा प्रत्येक गाडीवान मला सांगे, तुमचे साडभाऊ काय झाले बाप्पा, पैलवान! आणि अक्का कशी आहे असं विचारलं की तो बैलांकडे बघू लागे.

माघ सरता सरता माझ्या बायकोला राहवेना. आम्ही दमणी जुंपली, मूर्तिजापूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अमरावती गाठली. अक्का अंथरुणावर होती. तिला उठवून बसवावं लागत होतं. माझी बायको बोलायला मोठी सडेतोड. पुण्याकडची माणसं आम्हां सगळ्या वऱ्हाड्यांनाच उद्धट समजतात, पण हिला आम्हीही जरा भीत होतो. ती सरळ वाडीत गेली. साडभाऊ चुलीपाशी वाडगं घेऊन बसले होते. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी पेऊन पेऊन अक्काच्या अंगात रगत येऊन राह्यलं का? पाण्यात तोंड पाहा आपलं. सारं तुमच्याच तोंडावर जमा झालं." मी तिला हातानं थांबवायला गेलो, पण बाण सुटला होता.

साडभाऊ रागावले नाहीत. ते खरोखरच उठून पाटापर्यंत गेले आणि वाहत्या पाण्यात वाकून पाहू लागले. बराच वेळ पाहत राहिले. मग आमच्याकडे वळून एखाद्या लहान मुलानं विचारावं तसं म्हणाले, "मंग तिचं अर्धं कुठी गेलं?"

 माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि ती घराकडे निघून गेली.

घरी दोघी बहिणींचं काय बोलणं झालं ते त्या वेळी मला कळलं नाही. दिवेलागणीच्या आधी अक्कानं साडभाऊंना बोलावलं. दोन्ही कढणं घेऊन या म्हणाली. ते घेऊन आले, उजव्या हातात तिचं पांढरं, डाव्या हातात आपलं लाल. चुकंदराचा हंगाम संपत आला होता. जून झालेले, कोवळीक गेलेले शेवटचे गड्डे होते ते. अक्का म्हणाली, "रोजचं तेच ते. आज अदलाबदल करू. माहं तुमी प्या, तुमचं मले द्या." साडभाऊ घाबरून म्हणाले, "अवं, त्यात अद्रक हाय!" "असू द्या. मी इतके महिने पेलं नाई का? अर्धं तुमाले लागलंच असन."

तिनं लाल वाडगं दोन्ही हातांत धरलं. बहिणीनं खालून आधार दिला. मला वाटलं होतं, ती डोळे मिटून घेईल. तिनं मिटले नाहीत. त्या रंगाकडे ती सरळ बघत राहिली, आणि मग एकेक घोट करत पिऊ लागली. मध्ये थांबून म्हणाली, "गोड हाय की हो. इतके दिवस एकटेच पेत होते!"  साडभाऊंनी पांढरी वाटी एका दमात तोंडात रिकामी केली. मग जे व्हायचं ते झालं. नाक फुललं, ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पाणी गुलाबी मिशांतून खाली टपटपू लागलं. "अद्रक लय तेज हाय बाप्पा," ते म्हणाले. पुसत आणि पुन्हा म्हणत, "लय तेज निघालं." तासभर त्यांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं नाही आणि कुणी त्यांना कारण विचारलं नाही. अक्का त्यांच्याकडे बघून हसत होती. तिच्या ओठांना लाली आली होती. ती कढणाची होती हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी साडभाऊ ज्या आशेनं तिच्या ओठांकडे बघत होते ते मला बघवेना. मी उठून बैलांना वैरण घालायला गेलो.

होळी पेटायच्या आत अक्का गेली.

 परतीच्या वाटेवर, दमणीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर माझी बायको बोलली. अक्कानं तिला त्या दुपारी सांगितलं होतं, "मी दुखण्यात पडल्यापासून यायनं जेवण टाकलं होतं. दोन घास खाऊन उठत. माह्याआधी हेच जातीन असं वाटे. थे एक कढण मात्र माह्या नावानं भरपेट पेत. मी पेली असती तं यायच्या पोटात काय गेलं असतं?" अर्ध्या वाट्याचं ते शास्त्र तिला एक क्षणभरही पटलं नव्हतं. मोठं वाडगं घ्यायला लावून, तळाचा थेंबसुद्धा सोडू न देता, ती अंथरुणावर पडल्या पडल्या नवऱ्याला जेवू घालत होती. कढण पिऊन ती वाचली असती असं मी म्हणत नाही. वैद्यानं आशा केव्हाच सोडली होती. पण हे ऐकल्यावर मला त्या दिवाळीच्या संध्याकाळची, वात खाली ठेवून गंभीर झालेली अक्का आठवली आणि मी तोंड दुसरीकडे वळवलं. साडभाऊंना यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं, आणि ते पाळलं.

पुढे तिकडची लढाई संपली. कापूस जसा चढला तसाच एका हंगामात खाली बसला. अकोल्यात गाड्या तशाच उभ्या राहिल्या आणि बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या हळूहळू पुन्हा पितळेच्या झाल्या. साडभाऊंचे थोरले भाऊ आता वाडीच्या बांधावर येत ते भाजी मागायला. साडभाऊ त्यांना वांगी देत, मेथी देत, आणि कपाशीचा विषय चुकूनही काढत नसत. चुकंदराचा वाफा मात्र त्यांनी दरवर्षी लावला. अक्काच्या तिथीला मी जमेल तेव्हा जात असे. त्या दिवशी ते दोन्ही कढणं करत. लाल वाडगं पाहुण्याला देत आणि पांढरं स्वतः घेत, पुऱ्या वाटीभर. मग डोळे वाहू लागत आणि ते म्हणत, "औंदा अद्रक लय तेज निघालं."

शेवटचा गेलो तेव्हा ते पुष्कळच थकले होते. मोट दुसरा कुणी हाकत होता. मिशा आता पांढऱ्या स्वच्छ झाल्या होत्या, कारण लाल कढण ते स्वतः पीत नसत. चूल मात्र तीच, धावेच्या कडेची. मला लाल वाडगं देऊन त्यांनी आपली वाटी घेतली, सावकाश पिऊन संपवली, आणि डोळ्यांतून तशाच धारा सुरू झाल्या. "लय तेज हाय बाप्पा औंदा," ते म्हणाले. त्यांचा ठसका मात्र ऐकू आला नाही, म्हणून मी पातेल्यातलं उरलेलं पांढरं कढण पळीभर हातावर घेऊन चाखलं. नुसती पेज आणि ताक. शेजारी पाट्यावर अद्रकाचा धुतलेला गड्डा तसाच पडला होता. ठेचायचा राहून गेला होता.

साडभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, पूर्वी गाडीवानाच्या तोंडाकडे बघत तसे.

"हो बाप्पा," मी म्हणालो, "लय तेज हाय." आणि दुपट्ट्याच्या टोकानं मीही डोळे पुसले.